धडा : परसात खोली काढण्याआधी

कुटुंब वाढले की परसात एक खोली काढावी असे वाटते. मुदत ठेव मोडली जाते, गवंडी ठरतो आणि "जागा आपलीच, विचारायचे कोणाला?" म्हणून पाया खणला जातो. पण जागा आपली असली तरी तिच्यावर किती व कुठे बांधायचे, हे नियमांनी ठरते. महाराष्ट्रात त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. इतर राज्यांचे कायदे वेगळे आहेत. रंगकाम, गिलावा अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. नवी खोली मात्र बांधकामच ठरते.

हिशेब करून पाहू. समजा, भूखंड १,००० चौरस फूट आहे आणि तेथे चटई क्षेत्र निर्देशांक १ आहे. म्हणजे एकूण १,००० चौरस फूट बांधता येईल. घर आधीच ९०० चौरस फूट असेल तर उरले १००. तुम्हाला १२ × १५ फुटांची, म्हणजे १८० चौरस फुटांची खोली हवी आहे. ती बसत नाही. शिवाय हद्दीपासून मोकळे सोडायचे सामासिक अंतरही पाहावे लागते.

दर चौरस फुटाला २,००० रुपये धरले तर खर्च ३,६०,००० रुपये. दरमहा ५,००० रुपये शिल्लक टाकणाऱ्याला, व्याज सोडून, ही रक्कम जमवायला ७२ महिने लागतात. बांधकाम पाडावे लागले तर सहा वर्षांची बचत गेली.

"एवढा पैसा घातला आहे" ही सबब चालत नाही. डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट म्हटले आहे. इमारत तारण घेताना बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासावा, असेही सांगितले आहे.

काय करावे?

१. नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा.
२. परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा काढून घ्या.
३. मंजुरी लेखी घ्या. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.
४. मंजूर नकाशाप्रमाणेच बांधा आणि शेवटी दाखला घ्या.
५. शुल्क व अभियंत्याची फी अंदाजपत्रकात आधीच धरा.

लक्षात ठेवा : आधी मंजुरी हातात घ्या, मगच ठेव मोडा.