एका यंत्रात अनेक यंत्रे

तुमच्या शाळेचे एक संकेतस्थळ आहे असे समजा. त्यावर सूचना आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे आहेत. ही सारी पाने राहतात कोठे? ‘इंटरनेटवर’ असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. पण पाणी कोठून येते असे विचारल्यावर ‘नळातून’ म्हणण्यासारखेच ते झाले. नळामागे टाकी असते, टाकीमागे धरण असते. त्याचप्रमाणे प्रत्येक संकेतस्थळामागे कोठे तरी एक संगणक अहोरात्र चालू असतो. कोणी पान मागितले की ते काढून द्यायचे, हे त्याचे काम. म्हणून त्याला सर्व्हर म्हणतात.

जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० साली जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी सुरू केला. तो नेक्स्ट कंपनीचा टेबलावर ठेवण्याचा संगणक होता. कोणी चुकून तो बंद करू नये म्हणून, हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. त्या काळी एक यंत्र म्हणजे एक सर्व्हर. आज मात्र आपण महिन्याचे भाडे भरून जो सर्व्हर घेतो, तो बहुधा हात लावून दाखवता येईल असे यंत्र नसतोच. त्याला आभासी सर्व्हर म्हणतात. बाजारातले त्याचे नाव व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, थोडक्यात व्हीपीएस. हा आभास कसा निर्माण होतो, आणि तो भाड्याने घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, ते आपण पाहू या.

रिकामे बसलेले यंत्र

प्रथम एक हिशेब करा. शाळेच्या संकेतस्थळाला रोज ५०० जण भेट देतात आणि प्रत्येक जण ४ पाने उघडतो असे धरा. एकूण २,००० पाने झाली. एक पान तयार करण्यासाठी प्रोसेसरला ०.०५ सेकंद काम पडते असे मानले, तर दिवसभराचे काम होते १०० सेकंदांचे. दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. म्हणजे हे यंत्र उरलेले ८६,३०० सेकंद नुसते बसून वीज खाणार!

यावर उपाय एकच, तो म्हणजे वाटून घेणे. सर्वांत स्वस्त प्रकारात एकाच व्यवस्थेत शेकडो संकेतस्थळे एकत्र राहतात. ही झाली धर्मशाळा. भाडे कमी, झाडलोट व्यवस्थापकाकडे. पण आपल्या मनाप्रमाणे काही बदलता येत नाही आणि शेजाऱ्याने गोंधळ घातला तर आपलीही झोप मोडते. दुसऱ्या टोकाला संपूर्ण यंत्र एकट्याने भाड्याने घेणे, म्हणजे बंगला. आभासी सर्व्हर हा या दोहोंमधला प्रकार. त्याला इमारतीतील स्वतंत्र ब्लॉक म्हणता येईल. जमीन, पाया आणि छप्पर समाईक. दार, कुलूप आणि किल्ली मात्र आपापली.

सोंग वठते कसे?

संगणकावरील सर्व कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यायची, डिस्कवर कोठे लिहायचे, हे तीच ठरवते. ती स्वभावानेच एकछत्री असते. मग एका यंत्रावर अशा वीस सम्राज्ञी सुखाने कशा नांदतात?

प्रोसेसरला मिळणाऱ्या आज्ञा ढोबळ मानाने दोन प्रकारच्या असतात. बेरीज करा, तुलना करा, ही संख्या इकडून तिकडे न्या, या साध्या आज्ञा. स्मृतीची वाटणी बदला, एखादे उपकरण ताब्यात घ्या, या राखीव आज्ञा. आभासी यंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीमला राखीव आज्ञांचा खरा अधिकार दिलेलाच नसतो. तिच्या साध्या आज्ञा प्रोसेसर थेट पाळतो, म्हणून वेगात फारशी घट होत नाही. राखीव आज्ञा आली की प्रोसेसर थबकतो आणि कारभार वरच्या अधिकाऱ्याकडे सोपवतो. हा अधिकारी म्हणजे हायपरव्हायजर नावाची आज्ञावली. मागणी योग्य आहे का ते तो पाहतो, तिच्या वाट्यापुरतेच काम करून देतो आणि तिला पुढे चालू देतो. तिला वाटते, आपणच यंत्राच्या मालकीण!

ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही अशी व्यवस्था चालू झाली होती. १९७२ मध्ये त्याच कंपनीने व्हीएम/३७० ही व्यवस्था जाहीर केली. कोणत्या प्रोसेसरवर असे सोंग बिनचूक वठू शकते, याची अट पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडली. प्रत्येक नाजूक आज्ञेपाशी प्रोसेसरने थबकले पाहिजे, असा त्या अटीचा आशय आहे. घरगुती संगणकांत रूढ झालेले प्रोसेसर या परीक्षेत नापास होते. काही नाजूक आज्ञांपाशी न थबकता ते भलतेच काही करून गुपचूप पुढे जात. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये अशा आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती वापरून हा अडसर ओलांडला. पुढे २००५ आणि २००६ मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. २००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्रे तासाला १० अमेरिकी सेंट दराने भाड्याने देण्यास प्रारंभ केला. २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्सचाच एक भाग झाला. अशा तऱ्हेने एके काळी मोठ्या संस्थांपुरती असलेली ही सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

आधी गणित, मग भाडे

जाहिरातीतील आकडे पाहून सर्व्हर निवडू नये. आपली गरज आधी मोजावी. पुढील चार गोष्टींचा विचार करा.

पहिली गोष्ट स्मृती, म्हणजे रॅम. समजा, १ गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट स्मृती घेतली. तीपैकी ऑपरेटिंग सिस्टीमला २००, माहितीसाठ्याला ३०० आणि अडीअडचणीसाठी १२४ मेगाबाइट राखून ठेवले. उरले ४००. पान तयार करणारा एक ‘कामगार’ ५० मेगाबाइट व्यापत असेल, तर एका वेळी ८ कामगार बसतील. माहितीसाठ्याकडून उत्तर येण्याची वाट पाहण्यासह एका पानाला ०.२ सेकंद लागत असतील, तर एक कामगार सेकंदाला ५ पाने देईल आणि आठ जण मिळून ४०. लोभाने ८ च्या जागी ३० कामगार नेमले तर? स्मृती संपते, सर्व्हर कमालीचा मंदावतो आणि शेवटी लिनक्स एखादी आज्ञावली जबरीने बंद करते. बहुधा ती सर्वांत जास्त जागा अडवणारी, म्हणजे नेमका माहितीसाठाच असतो!

दुसरी गोष्ट प्रोसेसर. एका पानाला ०.०५ सेकंदाचे काम, म्हणून एक कोअर सेकंदाला २० पाने देईल. स्मृती ४० म्हणते आणि प्रोसेसर २० म्हणतो, तेव्हा खरी मर्यादा २० हीच. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. आता निकालाचा दिवस आठवा. १,२०० विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी पान उघडले तर शेवटच्याला पूर्ण एक मिनिट थांबावे लागेल. यावर दुप्पट भाड्याचा सर्व्हर घेणे हा एक उपाय. पण निकालाचे पान प्रत्येकासाठी नव्याने तयार न करता एकदाच तयार करून ठेवले, तर तोच लहान सर्व्हर कितीतरी पट अधिक पाने देऊ शकतो. तेव्हा आधी काम कमी करता येते का ते पाहावे.

शेजाऱ्यांचीही दखल घ्यायला हवी. सर्व भाडेकरू एकाच वेळी काम करणार नाहीत या भरवशावर काही व्यावसायिक असतील त्यापेक्षा जास्त कोअर विकतात. लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा दिली की ‘एसटी’ या अक्षरांपाशी एक आकडा दिसतो. ही आपली लाल गाडी नव्हे! तुमचे काम तयार असूनही प्रोसेसर दुसऱ्याच्या सेवेत असल्यामुळे वाया गेलेला वेळ तो आकडा शेकडेवारीत दाखवतो. तो सतत मोठा राहत असेल तर इमारत बदललेली बरी.

तिसरी गोष्ट अंतर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते जर्मनीतील फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर. जाऊन येऊन १३,०००. म्हणजे एका फेरीला किमान ०.०६५ सेकंद. सुरक्षित पान उघडताना आधी संपर्क जुळवायचा, मग गुप्त भाषा ठरवायची, मग पान मागायचे, अशा निदान तीन फेऱ्या होतात. म्हणजे जवळजवळ ०.२ सेकंद प्रवासातच गेले, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात अधिकच. कितीही पैसे मोजले तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. वाचक महाराष्ट्रातील असतील तर सर्व्हरही मुंबई-नवी मुंबईकडच्या एखाद्या केंद्रात असावा, हे उत्तम.

चौथी गोष्ट हमी. ‘९९.९ टक्के वेळ चालू’ हे वाचून फार हुरळून जाऊ नका. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. त्यातील ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटे बंद राहूनही वचन पाळले गेलेच! शिवाय वचन मोडले तरी भरपाई म्हणून बहुधा भाड्यात सूट मिळते. गेलेली माहिती परत मिळत नाही.

किल्ली हाती आल्यावर

धर्मशाळेत दाराची काळजी व्यवस्थापक घेतो, ब्लॉकमध्ये ती आपण घ्यायची असते. नवा सर्व्हर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात अनोळखी यंत्रे त्याचा पासवर्ड ओळखू पाहतात. त्यांचे तुमच्याशी काही वैर नसते. ती साऱ्या जगाची दारे ढकलत फिरत असतात. इंग्रजीतील सहा लहान अक्षरांचे पासवर्ड २६ चा सहावा घात, म्हणजे ३०,८९,१५,७७६ होतात. सेकंदाला १,००० प्रयत्न झाले तर साडेतीन दिवसांत सारे तपासून होतील. म्हणून पासवर्डाने प्रवेश बंद करून किल्ल्यांची जोडी वापरतात. एक गुप्त किल्ली आपल्या संगणकावर, तिची जोडीदार सर्व्हरवर. अशा शक्य किल्ल्यांची संख्या लिहायला सत्तराहून अधिक अंक लागतात. याखेरीज संकेतस्थळासाठी ८० आणि ४४३ क्रमांकांची दारे आणि स्वतःच्या प्रवेशाचे दार एवढीच उघडी ठेवून बाकीची बंद करावीत.

दुसरे काम डागडुजीचे. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. त्यातून परक्याला सर्व्हरच्या स्मृतीचे तुकडे वाचता येत होते. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली; पण ती ज्याने त्याने आपापल्या सर्व्हरवर बसवायची होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांचे दार उघडेच राहिले. म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी आणि दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारीच ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच पुढे ढकलले जाते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण लाखो संकेतस्थळे बंद पडली. ज्यांच्या माहितीची प्रत दुसऱ्या गावी होती ते काही काळाने पुन्हा उभे राहिले. ज्यांची प्रत त्याच आवारात होती त्यांपैकी काहींची माहिती कायमची गेली. यंत्र आभासी असले तरी आग खरी असते! म्हणून नियम असा : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आणि त्या प्रतीवरून संकेतस्थळ खरोखर उभे करता येते का, हे निदान सहामाहीतून एकदा करून पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न उघडलेली छत्री. फाटली आहे हे पावसातच कळते.

तेव्हा शाळेसाठी सर्व्हर निवडताना भाडे, स्मृती आणि वेग यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : दिवाळीच्या सुटीत याच्याकडे कोण पाहणार? या प्रश्नाला एखाद्या माणसाचे नाव हे उत्तर मिळत असेल तर आभासी सर्व्हर अवश्य घ्या. शिकण्यासाठी त्याच्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. नाव मिळत नसेल तर धर्मशाळाच बरी.

सोडवून पाहा

१. तुमच्या संकेतस्थळाचे एक पान २ मेगाबाइटचे आहे. रोज २,००० पाने वाचली जातात. ३० दिवसांत एकूण किती गिगाबाइट माहिती बाहेर जाईल? (१,००० मेगाबाइट = १ गिगाबाइट धरा.)

२. ‘९९.९९ टक्के’ हमीत वर्षाला किती मिनिटे बंद राहण्याची मुभा असते?

३. संगणक कक्षातील एखाद्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने आभासी यंत्र चालवणारी मोफत आज्ञावली बसवा आणि त्यात लिनक्स चालवा. आतल्या यंत्राला स्मृती किती दिसते आणि बाहेरच्याला किती, याची नोंद करा. मग आतले यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि जपून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा उभे करा. किती वेळ लागला, तो आकडा वहीत लिहून ठेवा.