हापशाची साखळी

गावातला हापसा तुम्ही पुष्कळदा हापसला असेल. त्याचे डोके उघडून आत पाहिले आहे का? मेकॅनिक दुरुस्तीला येईल तेव्हा अवश्य डोकावा. सायकलच्या साखळीची थोरली बहीण शोभेल अशी एक जाड साखळी आत दिसेल. पंपात साखळीचे काय काम?

१९६७ च्या सुमारास दुष्काळी भागांत युनिसेफने खडक फोडणारी यंत्रे पाठविली. विंधन विहिरी झाल्या, त्यांवर ओतीव लोखंडाचे पंप बसले; पण थोड्याच वर्षांत त्यांतले बहुसंख्य बंद पडले. ते पंप परदेशातील एखाद्या शेतघरासाठी, एका कुटुंबापुरते बनविलेले होते. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव त्यावर पाणी भरणार! दान देणाऱ्याने विहिरी मोजल्या, त्या किती दिवस चालल्या हे मोजले नाही, असेच म्हणावे लागेल. आणि हापसा बंद पडला की घागर घेऊन ओढ्याकडे निघते ती बहुधा घरातली मुलगीच. तिची शाळा बुडते, आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर हगवणही घरी येते.

हवेच्या दाबाने पाणी फार तर १०.३ मीटर चढते, हे तुम्ही शिकला आहात. आपल्या काळ्या खडकात पाणी त्याहून खोल असते. म्हणून दट्ट्याचे नळकांडे खाली पाण्यातच सोडतात आणि लांब सळयांनी दट्ट्या वर ओढतात. आता थोडे गणित करू. नळकांड्याचा व्यास ६·३५ सेंमी, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ३२ चौरस सेंमी. पाण्याची पातळी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावर पाण्याचा भार सुमारे ९५ किलोग्रॅम येतो. गंमत अशी की वरची नळी अवघी ३२ मिमी रुंद असते. तिच्यातले पाणी २५ लिटरसुद्धा भरत नाही. मग ९५ किलोग्रॅम आले कोठून? द्रवाचा दाब खोलीवर ठरतो, भांड्याच्या रुंदीवर नाही. पास्कलचा हा नियम हापसणाऱ्याच्या खांद्याला रोज जाणवतो!

दांडा ही तरफ. तिचा यांत्रिक फायदा सुमारे ८, म्हणून हाताला ९५ च्या जागी १२ किलोग्रॅमच भार लागतो. अर्थात फुकट काही नाही : दट्ट्या १२·५ सेंमी उचलायला दांड्याचे टोक एक मीटर खाली आणावे लागते. सळयांचे वजन वेगळेच, पण दांडा मुद्दाम भरीव आणि जड केलेला असतो. तो त्यातले बरेचसे तोलून धरतो.

आता साखळी. तरफेचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरते, आणि सळई तर सरळ उभी वर-खाली व्हायला हवी. जुन्या पंपांत सळई दांड्याला खिळीने जोडलेली असे. दर हापशाला ती किंचित तिरपी ओढली जाई, खिळीचे भोक झिजून मोठे होई आणि एक दिवस सारेच तुटे. यावर जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनच्या कार्यशाळांत प्रयत्न झाले. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला वर्तुळाचा एक तुकडा लावून त्यावरून साखळी सोडली होती. दांडा कितीही फिरो, साखळी त्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेतच लोंबते, म्हणजे ओढ नेहमी सरळ उभी. युनिसेफ आणि मद्रासची (आजचे चेन्नई) रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी सोलापूरचा हा पंप पुढे सुधारला, कोइमतूर भागात चाचण्या घेतल्या आणि १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. त्याचे पेटंट कोणी घेतले नाही. पुढे तो आफ्रिकेतही गेला. माझ्या मते विहिरींपेक्षा हे दान मोठे.

साखळीला एक उणीव आहेच. ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या वजनाने. विहीर उथळ असेल तर सळया थोड्या, वजन कमी, आणि साखळी सैल पडून दुमडते.

पंपाचा पाया काँक्रीटमध्ये पक्का बसवितात तोही उगाच नव्हे. सांडलेले घाण पाणी फटीतून परत विहिरीत गेले, तर एवढा खटाटोप व्यर्थ. मात्र खडकातूनच पाण्यात उतरलेले फ्लोराइड कोणताही पंप अडवीत नाही. त्यासाठी पाणी तपासावेच लागते.

एक प्रयोग करून पाहा. दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले १२·५ सेंमी, म्हणजे एका पूर्ण हापशाला साधारण ०·४ लिटर पाणी. हापसा ‘मार्क टू’च आहे ना, हे आधी विचारून घ्या. मग १५ लिटरची बादली ठेवा, दांडा पुरता वर-खाली करा आणि मोजा. ४० च्या आसपास बादली भरली तर पंप ठणठणीत. ६० लागले, तर दट्ट्याचे वॉशर झिजून पाणी बाजूने निसटते आहे. तो आकडा तारखेसह वहीत लिहा आणि ग्रामपंचायतीत दाखवा.