नांदूरमध्यमेश्वर : पक्ष्यांच्या पायांवरून पाणी ओळखूया

पहिल्या वर्षी सातवीच्या मुलांना नांदूरमध्यमेश्वरला नेलं तेव्हा मी प्रत्येकाच्या हातात चाळीस पक्ष्यांच्या नावांची यादी दिली होती. दिसला की खूण करायची. परत आल्यावर पाहते तर एका पठ्ठ्याने चाळीसच्या चाळीस खुणा केलेल्या! "मॅडम, सगळे एकदमच उडाले, मग सगळे दिसलेच ना?" रागावले खरी, पण चूक माझ्या यादीची होती.

पुढच्या वर्षी यादी घरीच ठेवली आणि मुलांना एकच प्रश्न दिला : पक्ष्याच्या पायाला पाणी कुठवर आलंय?

आधी जागेविषयी थोडं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला, तो शेतीसाठी. नद्यांनी दर पावसाळ्यात गाळ आणला, तो बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणी पसरट आणि उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, काठाने पाणकणीस माजलं. पाण्याच्या हिशोबात गाळ म्हणजे तोटाच, तेवढा साठा कमी. पण त्याच गाळात किडे, गोगलगायी, पाणवनस्पतींचे कंद वाढतात आणि त्यासाठीच पक्षी येतात. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. मुलांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते, की ही दलदल माणसाने ठरवून केलेली नाही, पण माणसाच्या बांधकामामुळेच झाली आहे.

हिवाळ्यात सकाळी लवकर चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचलो. मुलांनी काठापासून आतपर्यंत नजर फिरवायची, असं ठरलं होतं. कोरड्या काठावर टिटवी. तिच्या पुढे चिखलपाण्यात शेकाट्या, काड्यांसारखे लांब गुलाबी-लाल पाय. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, याचा गुडघा उलटा वाकतो!" इथे थांबावं आणि समजावून सांगावं. तो गुडघा नसून पक्ष्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला. पुढचा अर्धा तास पोरं एकमेकांना पंज्यांवर चालून दाखवत होती.

आणखी आत चमचे. चोच किंचित उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे पाणी घुसळत चालायचं, चोचीला काही लागलं की मिटायची. त्याच खोलीत राखी बगळा पुतळ्यासारखा उभा. पाय पुरेनासे झाले की बदकं सुरू होतात. थापट्या रुंद चोचीने वरवरचं पाणी गाळतो. तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून लांब मानेने तळ गाठतं. टिबुकली आणि पाणकावळे थेट बुडीच मारतात. वारकऱ्याला वारकरी का म्हणतात हे मात्र सांगावं लागलं नाही. काळं अंग आणि कपाळावरचा पांढरा टिळा पाहून मुलं स्वतःच हसली. कमळपक्ष्याने आमचा नियमच मोडला. लांबलचक बोटं पसरून तो पानांवरून चालत होता. पाणी कितीही खोल असो, त्याला काय!

मग मी विचारलं, "पाणी वीतभर उतरलं तर?" शेकाट्याला नवा चिखल मिळेल, बदकं सरकतील. "आणि हातभर चढलं तर?" शेकाट्याला उभं राहायला जागा नाही, टिबुकलीला काहीच फरक नाही. उत्तरं मुलांचीच. आता हा प्रश्न नुसता वर्गातला नाही. गोदावरीचे दोन्ही कालवे इथूनच निघतात. वरच्या धरणांतून पाणी सोडतात तेव्हा इथली पातळी चढते, कालव्यांना सोडलं की उतरते. एक मुलगी पटकन म्हणाली, "माझ्या मामाच्या उसाला हेच पाणी जातं, कोपरगावला. आवर्तन उशिरा आलं की मामी घरात कुणाशी बोलत नाही."

वर्ग गप्प झाला. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "मग पाखरांनी काय करायचं?" तिसरा म्हणाला, "पाखरं आमचा हरभरा पण खातात." मी मध्ये पडले नाही. वाद चांगला पंधरा मिनिटं चालला आणि मिटला नाही. एरवी मी तो मिटवला असता, "सर्वांनी मिळून रक्षण करूया" असं फळ्यावर लिहून. तसं केलं नाही, याचं आजही बरं वाटतं.

तुम्ही नेणार असाल तर दुर्बीण चार मुलांत एक पुरते. भडक कपडे नकोत. तक्ता मात्र साधा ठेवा : पक्षी, पाणी कुठवर, काय करत होता, पाणी उतरलं तर कुठे जाईल.

त्या मामाच्या मुलीने शेवटचा रकाना बहुतेक पक्ष्यांपुढे कोरा ठेवला होता. गायबगळ्यापुढे फक्त लिहिलं होतं : "मामाच्या शेतात. पाणी भरायला लागलं की सऱ्यांमधून किडे वर येतात, हा मागोमाग येतो."