आधी पाहुणे उतरवून घे

सातारा, २ जून

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फ्रान्समध्ये महिनाभर हिंडायचं आणि हॉटेल परवडत नाही म्हणून तिथल्या लोकांच्या घरी उतरायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. फक्त 'फुकटात सोय होते' हे वाक्य खटकलं. यजमान पैसे घेत नाही, पण त्याची संध्याकाळ जाते, झोपमोड होते, आणि अनोळखी माणसाच्या हाती तो घराची किल्ली देतो.

फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला आली की आपल्या वाड्यात ओसरीपासून माजघरापर्यंत वारकरी झोपत. तुझी पणजी पहाटे तीनला उठून बंब पेटवायची. एका वर्षी परभणीकडची एक म्हातारी निघण्याआधी कुणाला न सांगता चूल सारवून गेली. पणजी ते सारवण शेवटपर्यंत सांगायची.

तू ज्या वाटेने निघाली आहेस ती जुनी आहे. महायुद्धानंतर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवायलर या अमेरिकी तरुणाने मित्रांसह 'सर्व्हास' ही संस्था सुरू केली. माणसं एकमेकांच्या घरात जेवली तर युद्धासाठी हात उचलणार नाहीत, ही त्यांची श्रद्धा. गांधीजींच्या विचारांचा तिच्यावर ठसा आहे. तिथे साधारण दोन रात्रींचा मुक्काम असतो. निघण्याआधी जुने सभासद तुझ्याशी बोलतात आणि परिचयपत्र देतात. 'काउचसर्फिंग' हे अशाच सोयीचं संकेतस्थळ २००४ चं. तिथे आता बऱ्याच देशांत वर्गणी पडते. 'बीवेलकम' हे तसंच दुसरं संकेतस्थळ स्वयंसेवक चालवतात. कुठेही नाव घाल, पण स्वतःबद्दल चार ओळी खऱ्या लिही. पंचवीस जणांना एकच मजकूर पाठवू नकोस. समोरच्याचं लिहिलेलं वाचून मग विचार.

माझ्याकडे एकदा एक मुलगा रात्री अकराला आला, जेवला, दुसरा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि ओला टॉवेल गादीवर टाकून गेला. मला दोन दिवस घर लॉजसारखं वाटत राहिलं. तू पोचायची वेळ आधी कळव, एक संध्याकाळ त्यांच्यात बस, एकदा पिठलं करून घाल. बेसन सोबत ने.

आता काळजीचं. बायका-मुलींनी त्या यजमानाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच. दोन रात्रींच्या हॉटेलचे पैसे वेगळे बांधून ठेव. दाराला कडी नसेल किंवा नुसतं मन कचरलं, तरी ऊठ आणि नीघ. भीड ही भिकेची बहीण. प्रत्येक घराचा पत्ता मला आधी कळला पाहिजे. व्हिसासाठी खोटी हॉटेल बुकिंगं दाखवू नकोस. फ्रान्समध्ये यजमान आपल्या नगरपालिकेतून निवासाचा दाखला काढू शकतो. तो त्याला वेळेवर मागावा लागतो, म्हणून लवकर लिही.

आणि जाण्याआधी स्वतः पाहुणे उतरवून घे. येत्या शनिवारी एक जर्मन जोडपं सायकलवरून माझ्याकडे येतंय. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, ती तू भर. माळ्यावरच्या खोलीच्या चादरी पावसाआधी वाळवायच्या आहेत. त्यांच्यातली बाई तिखट खात नाही, म्हणून मी कटाची आमटी बेताचीच तिखट करणार आहे. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने ये, म्हणजे पुरणपोळ्या लाटायला हाताशी कुणी असेल.

तुझी,
आत्या