दाणे तेच, उत्तरे निरनिराळी

बीड जिल्ह्यात घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी ओल्या गोणपाटात दाणे ठेवून उगवण तपासतात. अंदाज चुकला, तर दुबार पेरणी! समजा, एका पोत्यातील १० पैकी १० दाणे उगवले, दुसऱ्यातील १० पैकी ५. हा फरक खरा, की योगायोग?

अशा प्रश्नांसाठी नेल्डर व वेडरबर्न यांनी १९७२ मध्ये ‘सामान्यीकृत रेषीय प्रतिमान’ मांडले. आज ते गणित संगणक करतो. ‘आर’ या प्रणालीला ‘समरी’ ही आज्ञा द्या. पोती सारखी असूनही एवढा फरक पडण्याची संभाव्यता ती जवळजवळ १ दाखवते. म्हणजे फरकाला पुरावाच नाही! ‘अ‍ॅनोव्हा’ आज्ञेने शक्यता-गुणोत्तर कसोटी मागा. उत्तर येते ०.००३.

यंत्र चुकलेले नाही. ‘समरी’ अब्राहम वॉल्ड यांची कसोटी लावते. (भारतात व्याख्यानांसाठी आलेले हे गणिती १९५० मध्ये निलगिरीत विमान-अपघातात मृत्यू पावले.) तीत फरकाला त्याच्याच अनिश्चिततेने भागतात. पहिल्या पोत्यात न उगवलेले दाणे शून्य. त्यामुळे उगवलेले भागिले न उगवलेले हे गुणोत्तर अनंताकडे धावते, आणि अनिश्चितता त्याहून वेगाने. भागाकार उरतो शून्याजवळ. दुसरी कसोटी मात्र विचारते : उगवण दोन्ही पोत्यांत एकसारखी मानली तर हे आकडे किती संभवतात, आणि वेगळी मानली तर किती? वेगळी मानणे सुमारे ७५ पट सरस ठरते.

सी. आर. राव यांची १९४८ची कसोटी ०.०१ देते. ‘सॅस’ची लॉजिस्टिक प्रक्रिया ही तिन्ही उत्तरे शेजारी-शेजारी छापते. अर्थात इतक्या थोड्या दाण्यांवर तिन्ही ढोबळच. फिशर यांच्या पद्धतीने नेमके मोजले, तर ०.०३ येते. कृषी खाते १०० दाणे घ्यायला सांगते ते उगीच नव्हे.