ताळेबंदाचे वाचन आणि धंद्याचे मोल

बैल विकत घ्यावयाचा असला म्हणजे शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, आणि मगच सौद्याला हात घालतो. घर घ्यावयाचे असले म्हणजे आपण मिळकतीचे कागद तपासतो, पाण्याची सोय विचारतो. परंतु एखाद्या कंपनीचा भाग, ज्याला व्यवहारात शेअर म्हणतात, तो घेण्याची वेळ आली म्हणजे शहाणीसुरती माणसेही शेजाऱ्याच्या एका शब्दावर विसंबतात. शेअर म्हणजे त्या कंपनीच्या मालकीचा एक लहानसा तुकडा होय, ही गोष्टच पुष्कळांच्या ध्यानात नसते. हल्ली तर हा सौदा हातातील फोनवर क्षणार्धात उरकतो. त्यात जो पैसा जातो तो बहुधा मुलांच्या शिक्षणासाठी किंवा म्हातारपणासाठी पोटाला चिमटा घेऊन साठविलेला असतो. म्हणून धंद्याचे हिशेब वाचून त्याचे मोल कसे ठरवावे, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना समजेल अशा रीतीने सांगण्याचा या लेखात यत्न केला आहे.

कंपनीच्या वार्षिक अहवालात मुख्यतः तीन पत्रके असतात. पहिले नफातोटा पत्रक. वर्षभरात विक्री किती झाली, खर्च किती झाला व शेष काय राहिले, हे ते सांगते. दुसरा ताळेबंद. वर्षाच्या अखेरच्या दिवशी कंपनीजवळ काय आहे, तिला कोणाचे किती देणे आहे, आणि मालकांचे म्हणून काय उरते, हे त्यात दिसते. तिसरे रोख प्रवाहाचे पत्रक. प्रत्यक्ष पैसा कोठून आला व कोठे गेला, याचा तो वृत्तांत होय. ही तीन पत्रके एकाच घराच्या तीन खिडक्यांसारखी आहेत. एकाच खिडकीतून पाहणाऱ्यास घराची खरी कल्पना यावयाची नाही.

आता एक उदाहरण घेऊ. अशी कल्पना करा की, एका गावात पिठाची गिरणी विकावयाची आहे. मालक म्हणतो, "वर्षाची आवक ९,००,००० रुपये. वीज, मजुरी, भाडे आणि दुरुस्ती मिळून खर्च ६,००,००० रुपये. नफा ३,००,००० रुपये." खरेदीदाराचा विचार असा की, बँकेतील मुदतठेवीपेक्षा गिरणीच्या धंद्यात जोखीम पुष्कळ अधिक, तेव्हा गुंतविलेल्या शंभर रुपयांमागे वर्षास निदान वीस रुपये सुटले पाहिजेत. म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या पाचपट किंमत द्यावयास तो तयार आहे. मालकाचा आकडा खरा मानला, तर गिरणीची किंमत १५,००,००० रुपये झाली.

पण सुज्ञ खरेदीदार येथेच थांबत नाही. तो विचारतो, यंत्रे केवढ्याची? उत्तर येते, ५,००,००० रुपयांची, आणि ती दहा वर्षे टिकतील. तर मग दरवर्षी ५०,००० रुपयांची यंत्रे झिजून जात आहेत. या झिजेलाच घसारा म्हणतात. तो पैसा या वर्षी कोणाला द्यावा लागत नाही, म्हणून मालकाने तो खर्चात धरला नाही. परंतु दहा वर्षांनी तो एकदम पुढे उभा राहील. दुसरा प्रश्न असा की, गिरणीवर सकाळपासून रात्रीपर्यंत कोण बसतो? मालक स्वतः. त्याच्या जागी माणूस ठेवला, तर महिना १०,००० रुपयांप्रमाणे वर्षाचे १,२०,००० रुपये द्यावे लागतील. ही मालकाच्या श्रमाची मजुरी आहे, धंद्याचा नफा नव्हे. हे दोन खर्च वजा जाता ३,००,००० रुपयांचे १,३०,००० रुपये उरले. त्याची पाचपट ६,५०,००० रुपये. पुढे चौकशी करता असे कळते की, गिरणीवर २,००,००० रुपयांचे कर्ज आहे. ते कर्ज नव्या मालकाच्या गळ्यात पडणार असल्यास किमतीतून वजा केलेच पाहिजे. तेव्हा मालकाच्या हाती देण्याजोगी रक्कम ४,५०,००० रुपये ठरते.

अजून एक प्रश्न राहिला. ९,००,००० रुपयांची आवक म्हणतात, ती सगळी हाती आली काय? वही उघडून पाहता असे दिसते की, खाणावळीवाल्यांकडे उधारी थकली असून ती या एका वर्षात ६०,००० रुपयांनी वाढली आहे. ही वाढ एकाच वर्षाची असेल आणि पुढे पैसे वसूल होणार असतील, तर चिंता नाही. परंतु दरसाल उधारी अशीच वाढत असेल, तर वर्षाला खरोखर सुटणारी रक्कम ७०,००० रुपयेच होय. तिची पाचपट ३,५०,००० रुपये, आणि त्यातून कर्ज वजा जाता १,५०,००० रुपये. ज्या गिरणीची किंमत १५,००,००० रुपये वाटत होती, तिची किंमत तिच्या दशांशावर आली! मालक एकही अक्षर खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त एकाच खिडकीतून घर दाखविले होते.

या उदाहरणातील मर्म हे की, धंद्याचे मोल त्याच्या विक्रीवर किंवा सांगितलेल्या नफ्यावर ठरत नाही. धंदा चालू स्थितीत राखण्यास लागणारा सगळा खर्च भागवून, वर्षानुवर्षे मालकाच्या हाती जी मोकळी रोकड राहील, तिच्यावर ते ठरते. मोठ्या कंपनीचे आकडे कोटींचे असतात. पण प्रश्न हेच असतात.

या तत्त्वाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कित्येक धंद्यांचे मोल त्यांच्या ताळेबंदात दिसते त्याहून फार मोठे असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सीज कॅन्डीज नावाची मिठाईची जुनी कंपनी आहे. तिची स्थापना १९२१ साली लॉस एंजेलिस येथे झाली. १९७२ साली वॉरन बफेट व चार्ली मंगर यांच्या ताब्यातील एका कंपनीने ती २ कोटी ५० लाख डॉलरांस विकत घेतली. त्या वेळी तिची वार्षिक विक्री ३ कोटी डॉलर, कर भरण्यापूर्वीचा नफा ५० लाख डॉलरांहून कमी, आणि धंद्यात गुंतलेले भांडवल अवघे ८० लाख डॉलर होते. ताळेबंदावरच दृष्टी ठेवणारा म्हणाला असता की, ८० लाखांच्या वस्तूला अडीच कोटी देणे हा वेडेपणा होय.

पण बफेट यांनी आपल्या भागधारकांना पुढे जे आकडे कळविले, ते वाचण्याजोगे आहेत. २००७ साली त्या कंपनीची विक्री ३८ कोटी ३० लाख डॉलर आणि करपूर्व नफा ८ कोटी २० लाख डॉलर झाला. एवढी वाढ होण्यासाठी भांडवल ८० लाखांवरून ४ कोटींपर्यंतच वाढवावे लागले, म्हणजे मधल्या पस्तीस वर्षांत केवळ ३ कोटी २० लाख डॉलर नव्याने घालावे लागले. त्याच काळात करपूर्व नफ्याची एकूण बेरीज १३५ कोटी डॉलर झाली. कारण उघड आहे. मिठाई रोखीने विकली जाते, तेव्हा उधारी नाही. माल लवकर तयार होऊन लवकर खपतो, तेव्हा कोठारात पैसा अडकून पडत नाही. शिवाय लोकांचा त्या नावावर भरवसा असल्यामुळे दर वाढविला तरी गिऱ्हाईक तुटत नाही. १९७२ साली १ कोटी ६० लाख पौंड वजनाची मिठाई खपत होती, ती २००७ साली ३ कोटी १० लाख पौंड खपली. वजन दुपटीहूनही कमी वाढले, परंतु विक्रीची रक्कम सुमारे तेरापट झाली. लोकांचा हा भरवसा ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेला नसतो. तथापि थोड्या भांडवलावर सातत्याने मोठा नफा मिळत असल्याचे दिसले, म्हणजे त्याचा सुगावा लागतो.

आता जेथे हिशेबच खोटे असतात, तेथे काय करावे? याचे उत्तर आपल्याच देशातील एका प्रसंगात शोधू. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नामांकित कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला एक पत्र लिहिले. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखविले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते, असे त्यांनी त्यात कबूल केले. त्या तिमाहीची विक्री २,७०० कोटी व धंद्यातील नफा ६४९ कोटी दाखविला होता. पत्रातील कबुलीप्रमाणे खरी विक्री २,११२ कोटी आणि खरा नफा अवघा ६१ कोटी होता. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे चोवीस रुपये सुटतात असे जगाला सांगितले होते, आणि सुटत होते जेमतेम तीन. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला, आणि असंख्य लहान भागधारकांची पुंजी मातीमोल झाली. पुढे २०१५ साली हैदराबाद येथील विशेष न्यायालयाने राजू व इतरांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली.

विद्यार्थ्यांनी या ठिकाणी एक प्रश्न स्वतःस विचारावा. खोटा नफा दाखविणाऱ्यास खोटी रोकड का दाखवावी लागली? याचे उत्तर द्विनोंदी जमाखर्चात आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापविलेल्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन केले आहे. तिचा नियम असा की, प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहावी लागते. नफ्यात एक रुपया वाढविला, तर ताळेबंदातही कोठेतरी एक रुपया वाढलाच पाहिजे. नाहीतर ताळा जमणार नाही. म्हणून खोट्या नफ्याला कोठेतरी बिऱ्हाड द्यावे लागते. कधी ते न वसूल होणाऱ्या उधारीत असते, कधी न खपलेल्या मालाच्या फुगविलेल्या किमतीत, आणि सत्यमसारख्या प्रसंगी बँकेच्या शिलकेत. नफातोटा पत्रकात शंका आली, तर तिचे उत्तर ताळेबंदात शोधावयाचे ते याचसाठी.

बाहेरून वाचणाऱ्या सामान्य माणसाला हे कपट पुरते उघडे करता आले असते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. पण सावध होण्याजोगी चिन्हे होती. डिसेंबर २००८ मध्ये या कंपनीने राजू यांच्याच कुटुंबाशी संबंधित अशा, जमीनजुमला व बांधकाम यांचा व्यवसाय करणाऱ्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरांस विकत घेण्याचे योजिले होते. भागधारकांनी गिल्ला केल्यामुळे तो बेत तत्काळ सोडून द्यावा लागला. खोट्या मालमत्तेची जागा खऱ्या मालमत्तेने भरून काढण्याचा तो शेवटचा यत्न होता, असे राजू यांनीच पत्रात लिहिले आहे. संगणकाचे काम करणारी कंपनी आपल्या चालकांच्या घरच्या धंद्यात भागधारकांचा पैसा घालू पाहते, हे दिसताच त्या पैशाची चौकशी करणे हा प्रत्येक मालकाचा हक्क होता.

आकडे कितीही काळजीपूर्वक वाचले तरी चूक होण्याचा संभव राहतोच. म्हणून बेंजामिन ग्रॅहॅम या अर्थशास्त्राच्या अध्यापकाने एक साधा उपाय सांगितला. आपल्या हिशेबाने धंद्याचे जे मोल येईल, त्याहून पुरेशी कमी किंमत पडत असेल तरच तो घ्यावा. मोल व किंमत यांमधील हे अंतर म्हणजे सुरक्षिततेची मर्यादा होय. पुलाची ताकद दहा टनांची असली तर त्यावरून दहा टनांची गाडी हाकू नये, तसेच हे आहे.

ज्यांना प्रत्यक्ष अभ्यास करावयाचा आहे त्यांच्यासाठी वाचनाचा क्रम पुढे देतो.

१. प्रथम हिशेबतपासनिसाचा अभिप्राय वाचावा. त्याने एखाद्या बाबतीत हात राखून लिहिले असेल, तर त्या जागी थांबावे.

२. एका वर्षाचे आकडे पाहून निर्णय करू नये. निदान पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडावेत.

३. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि त्याच वर्षांत धंद्यातून आलेल्या रोकडीची बेरीज एकमेकींशी ताडून पाहावी. नफा वाढतो आणि रोकड येत नाही, तर का, याचा शोध करावा.

४. विक्रीपेक्षा उधारी किंवा शिल्लक माल अधिक वेगाने वाढत आहे काय, हे पाहावे.

५. कर्ज किती आहे, आणि वाईट वर्षातही त्याचे व्याज नफ्यातून भागेल काय, हे मोजावे.

६. ताळेबंदाखालील बारीक अक्षरांतील टिपा वाचाव्यात. चालक व त्यांचे आप्त यांच्याशी झालेले व्यवहार त्यांतच नमूद असतात.

हे अहवाल मिळविण्यास खर्च पडत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर कोणासही विनामूल्य पाहता येतात. विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या घरी नित्य वापरात असलेल्या एखाद्या वस्तूची कंपनी निवडावी, तिचा अहवाल मिळवावा, आणि वरील सहा बाबी एका वहीत उतरवून काढाव्यात. पालकांनी त्यांच्या शेजारी बसून ती वही वाचावी. पुढे कोणी येऊन "हा शेअर घ्या, दामदुप्पट होईल" असे सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारावे की, गेल्या पाच वर्षांत या धंद्यातून मालकाच्या हाती मोकळी रोकड किती आली? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्या शब्दावर घरची पुंजी सोपवू नये.