वजनकाटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

एखाद्याची प्रकृती कशी आहे हे त्याच्या अंगलटीवरून ठरविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. अंगाने भरलेला मुलगा दिसला की तो खात्यापित्या घरचा व सुदृढ, आणि सडपातळ मुलगा दिसला की तो काटक, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. हे दोन्ही निर्णय घाईचे होत. आहार, व्यायाम, वजन व आरोग्य यांचा परस्परसंबंध दिसतो तितका सरळ नाही. आणि तो उलगडून दाखविण्याच्या कामी आपल्याच पुणे जिल्ह्यातील काही खेड्यांनी जगाला मोठा धडा दिला आहे.

प्रथम वजनाचा विचार करू. उंच मनुष्याचे वजन अधिक असणे स्वाभाविक आहे. यास्तव वैद्य लोक वजन व उंची यांचा मेळ घालून एक अंक काढतात, त्यास देहभारांक म्हणतात. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. समजा, एका गृहस्थांचे वजन ५४ किलो व उंची दीड मीटर आहे. दीडाचा वर्ग २.२५, त्याने ५४ ला भागिले असता २४ येतात. युरोपातील प्रौढ माणसांसाठी २५ पर्यंतचा अंक निर्धोक मानितात. परंतु भारतीय प्रौढांच्या बाबतीत २३ पासूनच सावध व्हावे असे आपल्याकडील तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे हे गृहस्थ लठ्ठ दिसत नसले तरी त्यांनी सावध व्हावयास हवे. वाढत्या वयाच्या मुलामुलींना मात्र ही मर्यादा लावू नये. त्यांचा अंक वय पाहूनच डॉक्टरांनी ठरवावा लागतो.

आता कोणी विचारील की, युरोपियनास एक न्याय व आम्हांस दुसरा, असे का? याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या गमतीदार रीतीने मांडले. त्यांनी स्वतःचीच शरीरे मोजली. दोघांचाही देहभारांक अगदी सारखा, २२.३ भरला. परंतु शरीरातील चरबीचे मान पाहता ते डॉ. युडकिन यांच्या ठायी शेकडा ९.१, तर डॉ. याज्ञिक यांच्या ठायी शेकडा २१.२ आढळले! एक गृहस्थ मॅरेथॉन धावणारे. दुसऱ्यांनी विनोदाने लिहिले की, रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ते गाठण्यासाठी धावणे हाच आपला मुख्य व्यायाम. तात्पर्य, वजनकाटा केवळ एकंदर बेरीज सांगतो. त्या बेरजेत हाडे किती, स्नायू किती व चरबी किती, ही कलमे तो सांगत नाही.

या फरकाचे मूळ केवळ सवयीत नाही, तर जन्मापूर्वीच्या पोषणातही असावे, असे दिसून आले आहे. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालके यांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील बालकांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. एवढी तूट असूनही आपल्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटली नव्हती. तूट प्रामुख्याने स्नायूंत व पोटातील अवयवांत होती. अशा बांध्याच्या माणसाची उपमा बारीक काठीला गुंडाळलेल्या कापसाला देता येईल.

स्नायूंची उणीव इतकी महत्त्वाची का? जेवणानंतर रक्तात आलेली साखर खेचून घेण्याचे काम मुख्यत्वे स्नायू करतात. ते थोडे व आळशी असले आणि पोटाभोवती चरबी साठली, तर इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो व पुढे मधुमेहास वाट मिळते. भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणून प्रौढांनी वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांचा घेर ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

आता आपल्या मांजरीकडे वळू. मुठेच्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारा हा ऊसमळ्यांचा मुलूख. साखर उद्योगाच्या संशोधनासाठी १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्थाही येथेच आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत गेले. मळ्यांच्या जागी इमारती उठल्या, पायवाटांवर दुचाकी धावू लागल्या. बांधावरचे कष्ट गेले, पण ताटातील भात व पेल्यातील गोड चहा कमी झाला नाही. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, असा हिशेब केला तर सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने ती २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे उत्तम. एवढ्या साखरेचे उष्मांक खर्च करण्यास सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते! म्हणजे अति खाणे केवळ व्यायामाने भरून निघत नाही. तसेच केवळ उपासाने स्नायू बनत नाहीत, उलट झिजतात. आहार व व्यायाम ही एकाच गाडीची दोन चाके होत.

यास्तव, मित्रहो, वजन उतरविण्याच्या नादाने न्याहारी सोडू नका. ज्वारीबाजरीची भाकरी, उसळ किंवा वरण, पालेभाजी, ऋतूतील फळ व शक्य तर दूध अथवा अंडे, हा आहार आपल्या घरी सहज घडण्याजोगा आहे. रोज किमान एक तास खेळ, धावणे, सूर्यनमस्कार वा पोहणे यांत घालवा. आणि स्थूल सोबत्यास चिडवू नका. चेष्टेने त्याची चरबी घटत नाही, क्रीडांगणावर येण्याची हिंमत मात्र घटते.

पालकांना एकच विनंती आहे. वर सांगितलेल्या खेड्यांत असे आढळले की, ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके अंगाने मोठी उपजली. ज्यांना गरोदरपणीही जड कष्ट उपसावे लागले, त्यांची लहान. कित्येक घरांत आजही सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले घरच्या स्त्रियांच्या वाट्यास येते. आज शाळेत शिकणारी मुलगी उद्याची माता आहे. तिच्या ताटातील भाजी व तिला मिळणारे क्रीडांगण ही केवळ तिची नव्हे, तर पुढील पिढीच्या आरोग्याची ठेव आहे. ती ठेव आजपासूनच राखणे आपल्या हाती आहे.